उगंच

शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत गेटजवळ एक टॅबलेट बसवलाय.
त्यात पाच तोंडं: एक ढसाढसा रडकं, एक नुसतं पडलेलं,
मधलं पिवळं, ओठांची सरळ रेघ,
मग दोन हिरवी, हसरी.
शिफ्ट सुटली की एकावर बोट ठेवायचं नि सायकल काढायची.

आठवड्याभरात काच काजळीनं अशी माखली
की कुणाचं काय ते दिसेचना.
मग मी, एचआर, ओलं फडकं घेऊन
तीनच्या भोंग्याला तिथं उभी राहायला लागले.
त्या दिवसापासून सगळे हिरवं दाबतात.

आकाराम खाडे तेवढा मधलं दाबतो.
रोज.
बोनसच्या दिवशीसुद्धा.

पुण्याहून सल्लागार आले, हेल्मेटात बिल्ले आले.
कोण कुठं किती वेळ, सगळं पडद्यावर, रंगात.
आकाराम: प्रत्येक हीटनंतर अकरा मिनिटं,
भट्टीच्या डाव्या अंगाला, वाळूच्या ढिगापाशी.
हालचाल शून्य.
लाल ठिपका, टिकलीएवढा.

"विचारून घ्या," साहेब म्हणाले.
गेले. तो टॉवेलच्या टोकानं कान कोरत होता.
"दादा, तिथं काय करता?"
"कुठं?"
"ढिगापाशी."
"उभा ऱ्हातो."
"कशासाठी पण?"
त्यानं खरंच आठवून बघितलं. भुवया जवळ आणल्या.
"उगंच," म्हणाला.

गुडघा, तंबाखू, मोबाईल, घरचं टेन्शन,
सगळ्याला माझ्याकडं कोड आहे, एक ते चौदा.
उगंचला नाही.

रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडला नि टाइप केलं:
'वितळलेल्या धातूच्या रंगाचे दृश्य निरीक्षण,
सत्तावीस वर्षांच्या अनुभवावर आधारित.'
दोनदा वाचलं. मलाच पटलं.
माणूस वाचवल्याचं समाधान घेऊन झोपले.

सल्लागारांना ते वाक्य फार आवडलं.

महिन्यात ढिगापाशी चौकोन आखला, पिवळा, दोन बाय दोन.
वर पाटी: थांबा. पाहा. नोंदवा.
तिन्ही शिफ्टना, अकरा मिनिटं, सोबत फॉर्म.
दस्तगीर मुल्ला चौकोनात उभा राहून भट्टीकडं बघतो,
भट्टी त्याच्याकडं बघते.
आयटीआयचं नवं पोरगं, प्रज्योत, हळूच विचारतं,
"मॅडम, बघायचं काय नेमकं?"
मी म्हणते, रंग.
"कसला असायला पाहिजे?"
मी म्हणते, फॉर्मवर लिहिलंय.

त्या महिन्यात रिजेक्शन पॉइंट चार टक्क्यांनी उतरलं.
कशानं, देवाला ठाऊक.
वाळूचा पुरवठादारही त्याच आठवड्यात बदलला होता.
केक कापला.
फोटोत आकाराम कडेला आहे, हातात गुलाब,
धरलाय असा, जणू अजून निवायचाय.

आता तो ढिगापाशी थांबत नाही.
त्याच्या फॉर्मवर पाचही रकान्यांत 'ठीक',
आलेख सरळ, लाल कुठंच नाही.
परवा गेटवर टॅबलेट पुसत होते, तर म्हणाला,
"मॅडम, त्यो चौकोन कवा निघंल?"
म्हटलं, चांगल्यातला रंग आहे दादा, पाच वर्षं हलत नाही.
"व्हय," म्हणाला,
आणि मधलं दाबलं.

माझाही एक सर्व्हे थकलाय, एकोणीस प्रश्नांचा,
दर दोन तासांनी फोन थरथरतो.
'कामावर तुम्हाला आपलेपणा वाटतो का?'
'अजिबात नाही'पासून 'पूर्णपणे'पर्यंत,
मध्ये तीच सरळ रेघ.

घरी जाताना मी एका ठिकाणी गाडी थांबवते.
हेल्मेट काढत नाही. इंजिन बंद करते.
रस्त्यापलीकडं कुणीतरी म्हशी धूत असतं,
कधी नसतंही.

कुठं, ते लिहीत नाही.
स्टोअरमध्ये पिवळा रंग
अजून अर्धा डबा शिल्लक आहे.