काच क्रमांक अकरा

पेठला एसटी स्टँडच्या मागं
सोसायटीच्या जुन्या गोदामात आमचं संग्रहालय.
भिंतींना अजून खताचा वास येतो, पावसाळ्यात जास्त.
उघडायची वेळ दहा.
किल्ली माझ्याकडं असते,
म्हणजे माझा चहा झाला की दहा.

पहिल्या काचेत मोजणीची साखळी.
ती जिथं पडली तिथं कुणाचं तरी शेत
रात्रीतून जंगल झालं.
पुढं विळे, सतरा, जंगलखात्यानं हिसकावलेले.
एकाचे दाते उलट्या बाजूला.
शाळेची पोरं विचारतात, हा कुणाचा?
मी म्हणतो, घरी जाऊन विचारा,
आपल्यात डावखुरं कोण होतं.

अकराव्या काचेत पावती.
दंड रुपये सव्वीस.
गुन्हा : राखीव वनात नागली पेरणे.
नाव : यशी लखा थविल. शिक्का जांभळा, अंगठा डावा.
यशीनं ती बांबूच्या नळीत घालून
चुलीवरच्या माळ्याला खोचली होती.
धुरानं पिवळी पडली, पण वाळवी लागली नाही.
सासू म्हणायची,
दंडाचा कागद कुणी जपतं का गं?

मग कायदा आला.
साहेब म्हणाले, आधीपासून कसत होता, पुरावा काय?
यशीनं नळी उपडी केली.
तुमचंच अक्षर हाय, म्हणाली.

मागितले चार एकर. मिळाले अकरा गुंठे.
अपील चालू आहे.
यशी नाही.

म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा
पहिल्या गाडीच्या आधी तिची सून जयवंता
माझं दार वाजवते.
मी कुलूप काढतो, काच सरकवतो.
पावती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी भाकरीच्या फडक्याखाली.
रिकाम्या जागी मी चिठ्ठी ठेवतो :
‘ही वस्तू आज तारखेला गेली आहे.’

परवा नाशिकहून एक बाई आल्या, हातात पांढरे मोजे.
मूळ वस्तू अशी बाहेर देता? झेरॉक्स द्या ना.
दिली होती एकदा, मी म्हटलं.
मूळ आणा म्हणाले. पुढची तारीख पडली.
बाईंनी मोजे काढले
आणि चिठ्ठीचा फोटो घेतला.

सहाच्या गाडीपर्यंत मी थांबतो.
काय झालं?
साहेब रजेवर.
जयवंता पावती जुन्याच घडीवर उलगडून ठेवते,
काच पदरानं पुसते,
नागली लावायची राहिलीय म्हणत निघते.

चिठ्ठ्या मी फाडत नाही.
बांबूची नळी काचेत मोकळीच पडलेली असायची,
आता तिच्यात ठेवतो.