केळीच्या खोक्यावर

पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो.
पुन्हा बटण. पुन्हा अर्धा फेरा.
कुणी हाक मारली म्हणून मान वळवावी
आणि आपल्याला नव्हती म्हणून परत फिरवावी,
तसं.

अमळनेर, मे महिना, दुपारचे तीन.
खिडकीला ओली चादर, मी फरशीवर,
आणि समोर अकरा महिन्यांत जमवलेलं माझं यंत्र.
प्रोसेसर जुना, सुरतहून कुरियरने आलेला.
कॅबिनेट धुळ्याच्या भंगारवाल्याकडचं, दीडशे रुपयांचं.
बोर्ड नवा. तेवढा एकच नवा.
त्याची पावती आईला अजून दाखवलेली नाही.

रॅम काढली, तिचे सोनेरी दात
खोडरबराने पुसले,
टक् वाजेपर्यंत दाबून बसवली.
नाही.
दुसऱ्या खाचेत. नाही.
प्रोसेसरशेजारची ती चार तारांची जोडणी,
जी सगळेच विसरतात म्हणे,
ती मी विसरले नव्हते. तीनदा बघितली.
मग बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटं थांबले,
विसरू दे म्हटलं याला सगळं.
पाच मिनिटांनी तो सगळं विसरला,
चालू कसं व्हायचं तेही.

संध्याकाळी सुपडूआप्पा आले.
जिनिंगमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रिशियन,
डावा कान गिरणीतच राहिलेला,
उजवा मर्जीचा मालक.
"काय व्हयनं वं पोरी?"
मी भराभरा सांगितलं, सगळी इंग्रजी नावं घेऊन.
कितपत पोचलं कोण जाणे.
"करंट कोठेलोंग जास, ते आधी देख."

मीटर लावला. काळी तार काळीत, लाल टोक पिवळीत.
बारा.
डोळा लवेपर्यंत बारा, मग शून्य.
आप्पा मीटरकडे नाही, कॅबिनेटकडे बघत होते,
पाणी कुठे मुरतंय ते बघावं तसे.
"देनारा दी ऱ्हायना. कोनी तरी मझारच पी ऱ्हायना."

कोपऱ्यातलं केळीचं खोकं त्यांनी पायाने ओढलं,
रावेरचा शिक्का, चिकाचे काळे डाग.
"सगळं भाईर काढ. आठे ठेव."

बोर्ड पुठ्ठ्यावर. ना भिंत ना छप्पर.
बटणसुद्धा नाही,
दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं
आणि पंखा फिरला.
फिरतच राहिला.
एक बारीक बीप झाली. आप्पांना ती ऐकू आली नाही;
त्यांनी पुठ्ठ्यावर तळहात ठेवला,
थरथर मोजली,
आणि माझ्याकडे बघून भुवया उचलल्या.
पडद्यावर पांढरी अक्षरं: कीबोर्ड सापडत नाही.
कुणाच्या तक्रारीने मला इतका आनंद
याआधी झालेला नव्हता.

मग रिकामं कॅबिनेट उताणं केलं, बॅटरी मारली.
बोर्डाला भोकं सहा.
पत्र्यावर पितळी पाय सात.
सातवा, आधीच्या कुठल्यातरी बोर्डासाठी
धुळ्यात कुणीतरी पिळून ठेवलेला,
सरळ माझ्या नव्या बोर्डाच्या पाठीत घुसत होता.
आठ दिवस मी सुरतेला शिव्या देत होते.

आप्पांनी पक्कडीने तो काढला,
फुंकर मारून शर्टाच्या खिशात टाकला.
"कामले येस."
चहा न घेताच गेले.

जून लागलाय.
बोर्ड मी अजून कॅबिनेटमध्ये परत बसवलेला नाही.
उद्या, म्हणते रोज.
रात्री धुळीसाठी त्यावर ओढणी टाकते,
खालचं खोकं उष्णतेने जरा वाकलंय.
पहिलं काम आलं, पारोळ्याच्या एका दुकानाचा नकाशा,
वर दोन खोल्या, मागून जिना.
जिना काही केल्या बसत नाही.

पावती शेवटी दाखवली.
आईने ती दोनदा वाचली, घडी घातली,
मग यंत्राकडे बघितलं बराच वेळ.
"इतला पैसा दिना," म्हणाली,
"अन ठेवेल शे खोकावर?"