अंगठा

हिडकलच्या पाण्यातल्या टेकाडावर
लाँचनं सोडलं आम्हा सात जणांना.
बसगोंडा खुणा शिकवत होता, अर्ध्या कानडीत:
बोटांचा गोल म्हणजे ठीक,
अंगठा वर म्हणजे – मेले.
नागूआत्ती दचकली.
"वर जायचं, आत्ती. कानडीत वर म्हणजे मेले."
"आमच्यात बी तसंच की," म्हणाली,
आणि हेल्मेटखाली डोकं घातलं.

पाचव्या पायरीला कानांत दडे.
पाणी चहाच्या रंगाचं, मासे थोडे, गाळ फार.
नळकांडी तोंडात धरून पोरं वर पालथी तरंगत होती,
त्यांचे पाय आमच्या आभाळात.
मग दिसला रांजणाचा काठ,
आणि एक दगडी उंबरा.
आत्ती त्यावर टेकली,
मांडीवर सूप असल्यागत.
बसगोंडानं बोटांचा गोल केला: ठीक?
तिनं खुशीत अंगठा दाखवला.

तो बिचारा नियमाचा माणूस.
काखेत धरून वर आणली.

बेटावर भाकरी-शेंगाचटणी खाताना
ती अंगठा उलटसुलट करून बघत होती.
"तवा कागदावर बी ह्योच लावलाता."

मग बोटांचा गोल करून बघितला,
एकदा उजव्या हाताचा, एकदा डाव्या.
दुसरी फेरी तीनला होती.