ळ

आमच्या बोलीत ळ नाही.
केळीला केयी म्हणतो आम्ही, डोळ्याला डोया,
जिल्ह्याला जयगाव.
पण सावद्याच्या वजनकाट्यावर
दिवसाला साठ-सत्तर ट्रक यायचे
आणि मागच्या फाळक्यावर
केळी वाहतूक असो की जि. जळगाव,
ळ चुकायचा नाही.

मी पावत्या फाडायचे. सतरा वर्षांची.
भादूकाका काटा बघता बघता
पेंटरच्या सहीवर पंजा ठेवायचे:
"सांग बरं बाई, कोनाचं हाये?"

सुरुवातीला सगळे ळ सारखेच.
परक्या माणसाला घड दिसतात तसे.
काका म्हणाले, रंग पाहू नको, रंग मालक ठरवतो.
ब्रश कुठं कंटाळतो ते पाहा.

फैजपूरचा लीलाधर पेंटर कंटाळतच नसे.
दोन्ही पोटं कंपासनं काढलेली,
चष्म्यासारखी, मधे नाकापुरती जागा.
रावेरच्या गोटूचं पहिलं पोट गच्च,
दुसऱ्याशी पोचेतो ब्रश कोरडा,
पण डब्यात पुन्हा बुडवायचा नाही म्हणजे नाही.
यावलचे रुबाब तडवी डावखुरे.
त्यांच्या अक्षरांची सावली डावीकडे पडायची
आणि ळ संपायच्या जरा आधी थांबायचा,
गुडघा दुखणारा माणूस
शेवटच्या पायरीवर थांबतो, तसा.

आठ महिन्यांत
सही बघायची माझी सवयच गेली.

मग एकदा बऱ्हाणपूरकडे निघालेला ट्रक.
सावली डावीकडे,
पण ळ दोन ठिकाणी मोडलेला, थरथरता,
कडेनं रंग ओघळलेला.
खाली नाव रुबाब तडवींचं.
मी म्हणाले, नक्कल.
कोण्या पोरानं नाव चोरलंय.

ड्रायव्हरनं चहाचा ग्लास बोनेटवर ठेवला.
"माझ्यासमोर लिहिलंय, ताई. दोन तास लागले.
उजव्या हातानं.
डावा उचलतच नाही आता त्यांचा."

त्या पावतीवर मी वजन चुकवलं.
काकांनी काही न बोलता दुसरी फाडली.
ट्रक वळला तेव्हा पुन्हा पाहिलं:
हात बदलला होता,
सावलीनं बाजू बदलली नव्हती.
आणि संपायच्या जरा आधी
तो तिथंच थांबला होता.

परवा काट्याची खोली आवरताना
जुन्या पावत्यांचा गठ्ठा निघाला, कार्बनच्या प्रती.
माल: केळी. माल: केळी. माल: केळी.
प्रत्येक ळचं दुसरं पोट उघडंच,
पुढचा हॉर्न वाजलेला असणार.
भादूकाका नाहीत आता.
मीच पंजा ठेवला कोपऱ्यातल्या सहीवर
आणि बराच वेळ बघत राहिले.

मग मोठ्यानं वाचलं.
केयी, म्हणाले.
केयी, केयी, केयी.