फट

समितीनं विचारलं, हे नेमकं काय आहे?
टेबलावर माझा पुठ्ठ्याचा नमुना,
शेजारी पोह्यांच्या बशा, तर्री गार झालेली.
मी म्हटलं, तीन पत्रे आहेत, वीस फुटी, बारा एमेमचे,
आणि एकही दुसऱ्याला पूर्ण टेकत नाही.
“म्हणजे संत्रं नाही?”
नाही.
“वाघ?”
वाघही नाही.
येंडे साहेबांनी बशी सरकवली.
“मंग लोकायले काय सांगाचं?”

काही सांगू नका, साहेब.
लोक वळसा घालून जातील.

मी आधी जागेवर जातो, रिकाम्या हातांनी.
अजनीच्या त्या तिकोनात सात दिवस
रसवंतीच्या बाकावर बसून राहिलो.
कोणती बस कुठून अंग चोरून वळते,
दुपारी दोनला कुत्रं कुठल्या सावलीत सरकतं,
शाळेच्या मुली कुठे थांबून सायकलची चेन चढवतात,
वहीत एवढंच.
चित्र एकही नाही.

मग लोहाओळीत, तय्यबअलींच्या गोदामात.
ते पत्र्याला भाव सांगण्याआधी
अंगठीनं टकटक करून ऐकवतात.
मी डोळे मिटून निवडतो.
वजनाचं नंतर बघू.

भोजराज निखारे माझा वेल्डर.
हिंगण्याच्या शेडमध्ये बॉयलर जोडून जोडून
त्याचा डावा डोळा कायमचा बारीक झालाय.
सांधा असा घालतो की बोट फिरवलं तर
लोखंड कधी दोन होतं, पटत नाही.
त्याला मी म्हणतो, इथे जोडू नको.
“काहून? हालन ना थे.”
हलू दे.
“पडन.”
नाही पडणार. खाली दीड मीटर काँक्रीट आहे.
तो काच वर करतो, माझ्याकडे बघतो,
पाढा चुकलेल्या पोराकडे मास्तर बघतो तसा.

माझा बाप नॅरोगेजवर चाबीवाला होता.
इतवारी-नागभीड. खांद्यावर हातोडा,
रोज आपल्या वाट्याचे रूळ पायी ठोकत जायचा.
एका मे महिन्यात मला सोबत नेलं,
रुळांच्या जोडावर बोट ठेवायला लावलं.
चटका बसला.
“पाह्यलं? एवढी जागा सोडा लागते.
नाही सोडली तं लोखंड आपली काढून घेते.”
कुहीच्या अलीकडे लोखंडानं ती काढून घेतलेली
मी नंतर पाहिली:
दोन रूळ, उचकी लागल्यासारखे बाजूला वाकलेले,
कशासारखेच न दिसणारे.
माझ्या आयुष्यातलं पहिलं शिल्प.
खाली सही नाही.
गाडी चार तास उशिरा.

तेव्हापासून मी फटीपासून सुरुवात करतो.
सत्तेचाळीस अंशांच्या गावात काही उभं करायचं
तर उन्हाचा वाटा आधी वेगळा काढावा.
सहा मिलिमीटर.
नकाशावर ती दिसत नाही,
तिचं बिल लागत नाही,
भोजराज तिला ‘तुमची फट’ म्हणतो.

रंग नको म्हटलं होतं मी, गंज चढू द्या,
तो आपला आपण थांबतो.
उद्घाटनाच्या आदल्या रात्री
कुणीतरी चौथऱ्याला नारंगी ऑइलपेंट फासला.
राग आला. मग हसूही आलं.
शेवटी संत्रं आलंच.

मे महिन्यात एटीएमच्या वॉचमनचा फोन, रात्री एकला:
“सायेब, तुमचं थे वाजते.”
भोजराजच्या स्कूटरवर मागे बसून गेलो.
चौक रिकामा. पत्रे दिवसाचं ऊन सोडत होते,
टक्.
बराच वेळ काही नाही.
मग वरच्या टोकाकडून पुन्हा, टक्.
वॉचमन खुर्ची लांब ओढून बसला होता.

भोजराजनं खिशातून
पाच एमेमच्या सळईचा एक तुकडा काढला,
फटीत घातला. अलगद आत गेला.
“दुपारी जात नोता,” तो म्हणाला.

म्हणजे दुपारी तो येऊन गेला होता,
त्या उन्हात,
मला न सांगता.