थोडंसं इरिटेटिंग

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये
आम्ही सहाजणी काड्या मोडतो.
पंखा कुरकुरतो, गंधकानं नाक चुरचुरतं,
आणि शालन म्हणते,
"लई इरिटेटिंग हाय बाई."

शब्द तिनं नातवाच्या तोंडून आणला,
शेजारून वाटीभर विरजण आणावं तसा.
आता शेडभर दही लागलंय.
मुकादम इरिटेटिंग, वजनकाटा इरिटेटिंग,
साडेपाचची माझी एस्टीसुद्धा,
जी सातला येते.

वैताग का म्हणत नाही ही?
वैताग म्हटलं की माझी आई उभी राहते
हातात उलथणं घेऊन.
कटकट म्हटलं की सासरे,
आणि सरकवलेल्या ताटाचा आवाज.
जीव नकोसा झालाय, असं तर म्हणायची सोयच नाही.
आमच्या गल्लीत एकीनं म्हटलं होतं
आणि खरं करून दाखवलं.

इरिटेटिंगला माहेर नाही, सासर नाही.
या शब्दात अजून कुणी कुणाला मारलेलं नाही.
सांडशीनं पातेलं उतरवावं
तसा जीव त्यात धरायचा, बाजूला ठेवायचा,
पुन्हा काड्या मोडायच्या.

मीही वापरून बघितला एक.
नवऱ्याला म्हटलं, "तुमचं घोरणं अनॉयिंग आहे."
ही शिवी की कौतुक
याचा तो बराच वेळ विचार करत राहिला,
मग कुशीवर वळला.
घोरला, पण जरा दबकून.

काल प्रतीक्षाचा फोन, हिंजवडीहून.
"काही नाही गं. थोडी अपसेट आहे."

थोडी.

माझ्या ओंजळीत बेदाणा होता.
चार किलो द्राक्षं वाळतात
तेव्हा किलोभर हाताला लागतो.
बाकीचं पाणी कुठं गेलं
ते रॅकवरच्या जाळीला माहीत,
नाहीतर ज्यानं घड हिरवे असताना पाहिलेत त्याला.

"जेवलीस का?"
"हो गं आई, इरिटेट नको ना करू."
बरं, म्हटलं.

फोन ठेवला, हात पदराला पुसले,
मुकादमाकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली.
"ऐन सीझनात?" म्हणाला.
मग मी जे बोलले ते मराठीत बोलले.
काय, ते शालनला विचारा.
सगळ्याजणींचे हात थांबले होते.

सकाळी सहाला पुण्याची गाडी आहे.
ती तरी वेळेवर येऊ दे.