हळकुंडाचं प्यादं

आमच्या मंडळात खुर्च्या आठ.
एक डुगडुगती. ती पाहुण्यांना द्यायची,
हा नियम कुठे लिहिलेला नाही.

सांगलीत, गावभागात, कुलपांच्या दुकानामागे तळमजला.
भिंतीवर महापुराची रेघ, पंख्याच्या पात्याला टेकलेली.
पाणी उतरल्यावर चिखलातून सोंगट्या वेचल्या,
घासणीनं घासल्या, उन्हात मांडल्या:
एकतीस.
एक काळं प्यादं नदीनं नेलं.

धोंडिराम आवटी हळदीच्या सौद्यात तोलाई करतात.
त्यांनी एक हळकुंड आणलं, बूड तासलं,
पटावर उभं केलं.
"नवं आणेपर्यंत," म्हणाले.
तीन वर्षं झाली.

यंदाच्या साखळीत
इस्लामपूरला हरलो, साडेतीन-अर्धा.
अर्धा मगदूम सरांचा.
तासगावला दोन-दोन, येताना बेदाण्याची पुडी.
जतच्या वाटेवर एसटी पंक्चर.
पोचलो तेव्हा
चार रिकाम्या खुर्च्यांसमोर
चार घड्याळं आमच्या नावानं तासभर चालली होती.
विट्याला नसीम मुजावर, इयत्ता आठवी,
एका वकिलाला एकवीस खेळ्यांत मात देऊन
खिडकीत बसून भूगोलाची वही पुरी करत होती.

मगदूम सर मात्र कुठेही जा, अर्धा.
शाळेतून निवृत्त झाले तेव्हाही म्हणे
निरोपाचा अर्धाच चहा प्याले.
"सर, तुम्हाला जिंकायला आवडत नाही?" नसीमनं विचारलं.
"आवडतंय की.
पण समोरच्यालाही घरी जायचं असतंय."

शेवटचा सामना मिरजेशी, आमच्याच खोलीत.
दोन-दोन झाले तर अ गटात राहतो,
नाहीतर खाली.
मिरजेच्या कप्तानानं हळकुंड उचललं, हुंगलं.
"हे काळं का पांढरं?"
"हळदीचं," आवटी म्हणाले. "काळ्याकडनं खेळतंय."
पंचांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि घड्याळं सुरू केली.

मी चौथ्या पटावर लवकर हरलो,
वजीर नुसता देऊन टाकला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.
आवटी हरले. नसीम जिंकली.
उरला पहिला पट.
मी भडंगाचा पुडा हातात धरून उभा,
आवाज होईल म्हणून न खाता.

सरांसमोर शिकलगार, सतारीच्या तारा ओढणारे,
बोटांना घट्टे, एक घोडा, एक राजा.
सरांकडे एक राजा आणि ते हळकुंड,
पटाच्या कडेकडेनं
दर चार-पाच खेळ्यांनी एक घर सरकत आलेलं,
आता शेवटच्या घरापासून एक पाऊल.
शिकलगारांच्या घड्याळात पावणेदोन मिनिटं.
त्यांनी वर पाहिलं. "बरोबरी?"

सरांनी भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं,
किंवा पंख्याकडे.
मग हात पुढे केला.

अडीच-दीड.
पुढच्या वर्षी ब गट.
आवटींनी खुर्च्या जरा जोरातच मिटल्या.
नसीम काही बोलली नाही, तेच लागलं.

सरांचा अंगठा पिवळा झाला होता.
शिकलगारांच्या तळव्यालाही थोडं लागलं.
ते पाण्यानं गेलं नाही,
तसेच मिरजेच्या बसमध्ये चढले.

रात्री मी डावाचा कागद काढला, पट मांडला.
घोडा पोचत नव्हता.
तीनदा पाहिलं, पोचतच नव्हता.
सत्तेचाळिसाव्या खेळीचा चौकोन रिकामा होता.
पेन्सिलीनं ती खेळी मी लिहिली,
बराच वेळ पाहिली,
मग खोडली.
खोडरबराचा कचरा फुंकला
आणि कागद फाइलीत
जतच्या मागे लावला.